अमेरिकन नेव्हीने हेडफोनची ऑर्डर दिली आणि कळलं की हा गडी ते स्वतःच्या किचनमध्ये बनवतोय

हेडफोन घ्यायला गेलं की आपली पहिली नजर जाते बेसवर, दुसरी रंगावर आणि तिसरी डिस्काउंटवर. बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात सेन्सिटिव्हिटी, इम्पिडन्स, ड्रायव्हर असं काय काय छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. घरी बसून गाणी बनवणारी पोरं मात्र याच शब्दांवरून रात्र रात्र वाद घालतात.

आता गंमत बघा. हे शब्द ज्या प्रश्नांतून आले, त्यातले बरेचसे प्रश्न शंभरहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या युटा राज्यात एका माणसाने स्वतःच्या किचनमध्ये सोडवले होते. त्याचं नाव नॅथॅनियल बाल्डविन.

आज आपण डोक्यावर जो हेडफोन घालतो, त्याचा जनक म्हणून बाल्डविनचं नाव घेतलं जातं. त्याने बक्कळ पैसा कमावला, तो सगळा गमावला आणि वर जेलमध्येही जाऊन आला.

त्याचीच ही गोष्ट. आणि ती वाचता वाचता हेडफोन कसा निवडायचा, तेही बघू.

चर्चमध्ये ऐकू येईना

नॅथॅनियल बाल्डविनचा जन्म १ डिसेंबर १८७८ चा, युटा राज्यातल्या फिलमोर गावचा. घरचे मॉर्मन पंथाचे. युटा म्हणजे या पंथाचा बालेकिल्ला. पुढे बाल्डविनने स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन आपल्याच पंथाच्या कॉलेजात शिकवायला लागला. विषय दोन, फिजिक्स आणि धर्मशास्त्र.

पण इथेच माशी शिंकली. मॉर्मन पंथात पूर्वी एकापेक्षा जास्त बायका करायची प्रथा होती. १८९० मध्ये चर्चने ही प्रथा अधिकृतपणे थांबवायचं ठरवलं. बाल्डविनला मात्र हा निर्णय पटला नव्हता, आणि तो ते लपवतही नव्हता. परिणाम असा झाला की कॉलेजातली नोकरी गेली.

मग त्याने डोंगरातल्या एका जलविद्युत केंद्रावर काम धरलं. डोक्यात मात्र एक जुनी अडचण घोळत होती. सॉल्ट लेक सिटीमध्ये या पंथाचं टॅबरनॅकल नावाचं भलंमोठं सभागृह आहे. हजारो माणसं एकावेळी बसतात. तिथलं प्रवचन बाल्डविनला नीट ऐकू यायचं नाही. ज्या काळात माइक आणि लाउडस्पीकर नव्हते, त्या काळातली ही गोष्ट.

आवाज मोठा कसा करायचा, या प्रश्नाच्या तो मागेच लागला. आधी दाबाखालची हवा वापरून प्रयोग केले. ते करता करता तो टेलिफोनच्या रिसीव्हरकडे वळला आणि तिथे त्याला वाट सापडली.

त्याने नेमकं केलं काय?

कानाला लावायचे रिसीव्हर बाल्डविनच्या आधीही होते. टेलिफोन ऑपरेटर ते वापरायचे. त्यात एक लोखंडी पडदा आणि शेजारी लोहचुंबक असायचा. तारेतून विजेचा प्रवाह आला की चुंबकाची ओढ कमी-जास्त व्हायची, पडदा थरथरायचा आणि आवाज यायचा.

अडचण अशी की चुंबक पडद्याला सतत एकाच बाजूला ओढून धरायचा. पडदा ताणलेलाच. मग सिग्नल एकदम क्षीण असला, तर तो पडदा हलणार कसा?

बाल्डविनने लोखंडाची एक छोटी पट्टी घेतली आणि ती चुंबकाच्या ध्रुवांच्या बरोबर मधे, कॉइलच्या आत तोलून ठेवली. दोन्ही बाजूंनी ओढ सारखी, त्यामुळे पट्टी अधांतरी. तराजूची दोन्ही पारडी समान असली की एक दाणा टाकला तरी काटा हलतो, तसंच हे. जरासा प्रवाह आला की पट्टी कलायची. ती हालचाल एका बारीक काडीने अभ्रकाच्या पातळ पडद्यापर्यंत जायची. एका हेडफोनच्या कॉइलमध्ये त्याने सुमारे मैलभर लांबीची बारीक तांब्याची तार गुंडाळली होती.

या रचनेला आज बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. हा शब्द ओळखीचा वाटत असेल, तर बरोबर आहे. स्टेजवरचे गायक कानात जे छोटे इन-इअर मॉनिटर घालतात, त्यातल्या अनेकांमध्ये याच तत्त्वाचे ड्रायव्हर असतात. आपल्या नेहमीच्या मोठ्या हेडफोनमध्ये मात्र बहुतेकदा डायनॅमिक ड्रायव्हर असतो. म्हणजे पडद्याला कॉइल चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या खाचेत पुढे-मागे होते.

गुलाबी कागदावरचं पत्र

बाल्डविनने आपल्या हेडफोनबद्दल बऱ्याच ठिकाणी विचारून पाहिलं, पण कुणी फारसा भाव दिला नाही. शेवटी १९१० मध्ये त्याने थेट अमेरिकन नेव्हीला पत्र पाठवलं. निळ्या-गुलाबी कागदावर, जांभळ्या शाईने लिहिलेलं. सोबत हेडफोनची एक जोडी.

असलं पत्र बघून अधिकाऱ्यांना काय वाटलं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. तरी त्यांनी तो हेडफोन लावून बघितला आणि चाट पडले. नेव्हीकडे तेव्हा जे हेडफोन होते, त्यांच्यापेक्षा हा कितीतरी सरस निघाला.

नेव्हीला याचं एवढं अप्रूप का होतं? कारण त्या काळात जहाजावरच्या वायरलेस यंत्रात आवाज वाढवणारं काहीच नव्हतं. व्हॅक्यूम ट्यूबचे ॲम्प्लिफायर रुळायला अजून काही वर्षं होती. दूरच्या जहाजाचा संदेश अँटेनावर जेवढ्या क्षीण ताकदीने यायचा, तेवढ्याच ताकदीवर हेडफोनने वाजायचं. हेडफोन मठ्ठ असेल तर संदेश आला तरी ऐकू येणार नाही. समुद्रात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

बॉक्सवरचा पहिला आकडा: सेन्सिटिव्हिटी

क्षीण सिग्नलवर हेडफोन किती मोठ्याने वाजतो, ते सांगणारा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. हा आकडा बहुतेक वेळा एका मिलिवॉटला किती डेसिबल असा दिलेला असतो. आकडा जास्त, तर कमी ताकदीत आवाज मोठा.

त्याच्या शेजारी इम्पिडन्स असतो, ओहममध्ये. मोबाइल किंवा लॅपटॉपला थेट जोडणार असाल, तर साधारण ३२ ते ८० ओहमचा हेडफोन सोयीचा. २५० किंवा ३०० ओहमचा घेतलात, तर बऱ्याच मोबाइलवर तो पुरेसा मोठा वाजणारच नाही. त्यासाठी चांगला ऑडिओ इंटरफेस किंवा वेगळा हेडफोन ॲम्प लागतो. जास्त ओहम म्हणजे जास्त भारी हेडफोन, हा गैरसमज आहे. तुमच्याकडे काय आहे, त्याला काय जुळतं, एवढाच प्रश्न.

दहाच्या वर ऑर्डर नको

तर नेव्हीने ऑर्डर द्यायची ठरवली. तेव्हा बाल्डविनकडून कळलं की तो एका वेळी दहापेक्षा जास्त नग देऊ शकत नाही. कारण काय, तर तो ते किचनमध्ये, हाताने बनवत होता.

दुसरी अडचण हेडबँडची. सुरुवातीचा बँड डोक्याला त्रास द्यायचा आणि नेव्हीचे ऑपरेटर तर तासन् तास हेडफोन लावून बसायचे. मग बाल्डविनने चामड्याने मढवलेल्या दोन तारांचा बँड तयार केला. कानावरचा भाग वर-खाली सरकवता यायचा, म्हणजे लहान-मोठं कसलंही डोकं असो, फिट बसायचा. आजचा हेडफोन डोळ्यांसमोर आणा. रचना तीच आहे.

नेव्हीने त्याला सुचवलं की याचं पेटंट घेऊन टाक. बाल्डविनला वाटलं, एवढ्याशा किरकोळ गोष्टीचं काय पेटंट घ्यायचं. त्याने ते घेतलंच नाही.

घरी म्युझिक बनवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. दुकानात पाच मिनिटं हेडफोन घालून काही कळत नाही. एडिटिंगला बसलात की तीन-चार तास तो डोक्यावर असतो. वजन किती, पकड किती घट्ट, कानाच्या गाद्या बदलून मिळतात का, वायर काढता येते का, हे आधी बघा. डोकं दुखायला लागलं की कानही बरोबर निर्णय देत नाहीत.

सोन्याचे दिवस

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हेडफोनची मागणी वाढली. बाल्डविनने सॉल्ट लेक सिटीजवळ ईस्ट मिलक्रीकला फॅक्टरी टाकली. युद्ध संपलं, तोवर घरोघरी रेडिओ यायला लागला. सुरुवातीचे रेडिओ हेडफोन लावूनच ऐकायचे असत, आणि त्यात बाल्डविनच्या मालाला तोड नव्हती. १९२२ च्या आसपास फॅक्टरीत दीडशेच्या घरात माणसं कामाला होती आणि कंपनीची वर्षाची कमाई २० लाख डॉलर्सपर्यंत गेली होती.

बाल्डविनने हा पैसा साठवला नाही. बहुपत्नीत्वाच्या श्रद्धेमुळे चर्चपासून तुटलेल्या अनेकांना त्याने फॅक्टरीत काम दिलं, त्यांच्या कामांना पैसे दिले. त्यातल्याच काही जणांच्या हातात कंपनीचा कारभार गेला.

आणि तिथून फासे फिरले.

उतरती कळा

भांडवल उभं करण्यासाठी शेअर विकायची कामं सुरू झाली, ओमेगा इन्व्हेस्टमेंट नावाची कंपनी निघाली. व्यवहार एकमेकांत गुंतत गेले. दुसरीकडे बाजारही बदलत होता. ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर आले, अख्खं घर एकत्र बसून रेडिओ ऐकायला लागलं आणि हेडफोनची गरज कमी झाली. १९२४ मध्ये बाल्डविनचं दिवाळं वाजलं.

पुढे शेअरविक्रीचं प्रकरण कोर्टात गेलं. टपालातून फसवणूक केल्याच्या गुन्ह्यात बाल्डविन दोषी ठरला. शिक्षा पाच वर्षांची, त्यातली साधारण दोन वर्षं त्याने मॅकनील आयलंडच्या तुरुंगात काढली. बाहेर आला तेव्हा फॅक्टरी नव्हती, पैसा नव्हता. तो पुन्हा कधी उभा राहू शकला नाही. १९ जानेवारी १९६१ ला तो गेला, तेव्हा हातात फार काही उरलेलं नव्हतं.

त्याच्यानंतर काय बदललं?

१९३७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन आणला. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी खास म्युझिक ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. १९६८ मध्ये झेनहायझरचा एचडी ४१४ आला आणि ओपन-बॅक प्रकार लोकप्रिय झाला.

इथून एक प्रश्न तयार झाला, जो बाल्डविनला पडलाच नव्हता. त्याला संदेश फक्त ऐकू यायला हवा होता. आपल्याला आवाज खरा ऐकू यायला हवा.

बरेचसे लोकप्रिय हेडफोन बेस मुद्दाम वाढवून देतात. ऐकायला मजा येते. पण अशा हेडफोनवर तुम्ही गाणं मिक्स केलं, तर बेस आधीच भरपूर वाटतो, म्हणून तुम्ही तो कमी करता. मग तेच गाणं गाडीत किंवा मित्राच्या स्पीकरवर लावलं की पोकळ वाजतं. म्हणून मिक्सिंगला शक्यतो सपाट, म्हणजे काही वाढवून न सांगणारा हेडफोन घ्यावा.

रेकॉर्डिंगला क्लोज्ड-बॅक घ्या, म्हणजे कानातला ट्रॅक बाहेर झिरपून माइकमध्ये जाणार नाही. मिक्सिंगला आणि शांत खोलीत ऐकायला ओपन-बॅक चांगला, आवाज मोकळा वाटतो. एकच घेता येणार असेल आणि घरात गडबड असेल, तर क्लोज्ड-बॅक बरा. ब्लूटूथ रेकॉर्डिंगला नको, आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल चुकतो. आणि नवा हेडफोन आला की आधी तुम्हाला पाठ असलेली दहा गाणी त्यावर ऐका, मगच स्वतःचं मिक्स उघडा.

शेवटची गोष्ट आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. आवाज वाढवला की हे तास झपाट्याने कमी होतात. बाल्डविनच्या काळात सिग्नल क्षीण होता, म्हणून कान देऊन ऐकावं लागायचं. आज सिग्नलला तोटा नाही, जपायचे आहेत ते कान.

मिलक्रीकमधली बाल्डविनची ती फॅक्टरी आजही उभी आहे. तिथे आता कलाकारांचे स्टुडिओ आहेत. पुढच्या वेळी हेडफोनचा बँड वर-खाली सरकवून डोक्यावर बसवाल, तेव्हा लक्षात असू द्या, याला पेटंट कशाला असं म्हणणारा एक माणूस होता.