वेस्ली एव्हरेस्ट : एका माजी सैनिकाचा बळी

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्या घटनेच्या पहिल्या वार्षिक दिनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट्रेलिया या छोट्या गावात माजी सैनिकांची मिरवणूक निघाली आणि तो दिवस मावळून रात्र सरण्यापूर्वी चार माजी सैनिक व एक लाकूडतोड्या असे पाच जण प्राणास मुकले. या घटनेचे वर्णन देशभक्त सैनिक विरुद्ध जहाल कामगार असे करण्याचा प्रघात पडून गेला आहे. परंतु बळी पडलेला लाकूडतोड्या वेस्ली एव्हरेस्ट हाही सैन्यातूनच परतलेला होता. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की या वर्णनातील फोलपणा उघड होतो, आणि भांडण खरोखर कशाचे होते हे शोधणे भाग पडते.

एव्हरेस्टचा जन्म १८९० मध्ये ओरेगॉन राज्यातील न्यूबर्गजवळ झाला. पोरवयातच आईवडिलांचे छत्र हरपले आणि नातेवाइकांच्या आश्रयाने तो वाढला. अशा मुलाला त्या प्रदेशात जे काम सहज मिळे तेच त्याने पत्करले. पॅसिफिक किनाऱ्यावरील अफाट अरण्यात तो लाकूडतोड्या झाला. त्या काळी जंगलातील छावण्यांत दिवसाला दहा तास काम चाले. अंथरूण-पांघरूण कामगाराने स्वतःच्या पाठीवर वाहून आणायचे, ओल्या कपड्यांनिशी कोंदट खोपटांत दाटीवाटीने झोपायचे आणि हंगाम संपताच पुढची छावणी शोधायची, असे ते जिणे होते. लाकडाचे भाव सतत वरखाली होत. गिरण्या अनेक आणि स्पर्धा तीव्र असल्याने भाव घसरला की मालक पहिली काटछाट मजुरीत करीत. जुन्या कारागीर-संघटनांना अशा फिरत्या, अकुशल मजुरांत रस नव्हता.

ही उणीव १९०५ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेने भरून काढली. तिच्या सभासदांना लोक ‘वॉब्ली’ म्हणत. कुशल-अकुशल, गोरा-काळा, देशी-परदेशी असा कोणताही भेद न करता साऱ्या श्रमिकांची एकच संघटना उभारावी आणि अंती मजुरीची पद्धतच नाहीशी करावी, हे तिचे उद्दिष्ट होते. तो काळच असंतोषाचा होता. याच किनाऱ्यावरील लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांतून १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत होते. त्याच वर्षी ओरेगॉनमधील मार्शफिल्ड गावातून तेथील प्रतिष्ठित नागरिकांच्या टोळीने वॉब्ली प्रचारकांना हुसकावून लावले. त्यांत एव्हरेस्ट होता. कायदा आपल्या बाजूला येत नाही, हा धडा त्याला वयाच्या तेविसाव्या वर्षीच मिळाला.

युद्ध आणि आठ तास

अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा विमानांच्या सांगाड्यांसाठी स्प्रूस या हलक्या पण चिवट लाकडाची मागणी एकदम वाढली. नेमक्या त्याच उन्हाळ्यात आठ तासांच्या दिवसासाठी लाकूडतोड्यांचा मोठा संप झाला. संप फार काळ तग धरू शकला नाही. तेव्हा कामगार कामावर परतले खरे, पण काम रेंगाळत करू लागले. सरकारने एकीकडे सप्टेंबर १९१७ मध्ये देशभरातील वॉब्ली कचेऱ्यांवर धाडी घातल्या व पुढे शिकागोच्या खटल्यात सुमारे शंभर जणांना दोषी ठरविले. दुसरीकडे लष्कराचा एक खास विभागच स्प्रूस तोडण्यासाठी उभारून हजारो सैनिक जंगलात उतरविले. मात्र उत्पादन वाढवायचे तर कामगारांची मागणी मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १ मार्च १९१८ पासून त्या उद्योगात आठ तासांचा दिवस लागू झाला. ज्या मागणीला देशद्रोह म्हटले गेले, ती देशरक्षणाच्याच नावाने पुरी करावी लागली.

एव्हरेस्ट याच स्प्रूस विभागात सक्तीच्या भरतीने दाखल झाला होता. म्हणजे जे काम तो मजूर म्हणून करी, तेच आता गणवेशात करीत होता. ध्वजाला सलामी देण्यास नकार दिल्याबद्दल त्याला लष्करी कोठडीत बरेच दिवस काढावे लागले. तो फ्रान्समध्ये लढल्याची कथा पुढे त्याच्या चाहत्यांनी पसरविली. तिला आधार नाही, आणि तिची गरजही नाही.

सेंट्रेलियातील सभागृह

सेंट्रेलियातील वॉब्लींचे सभागृह १९१८ मध्येच एकदा उद्ध्वस्त झाले होते. रेडक्रॉसच्या मिरवणुकीतील जमावाने त्यावर हल्ला चढविला, सामानाची होळी केली आणि आतल्या माणसांना मारहाण करून गावाबाहेर घालविले. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढील वर्षी वॉब्लींनी टॉवर अव्हेन्यू रस्त्यावर नवे सभागृह घेतले. दरम्यान देशातील वातावरण तापले होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये सिॲटलमध्ये सार्वत्रिक संप झाला, सप्टेंबरमध्ये पोलाद कामगार संपावर गेले, आणि रशियातील क्रांतीची धास्ती अमेरिकन मध्यमवर्गाच्या मनात घर करून बसली. याच वर्षी माजी सैनिकांची ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना जन्मास आली. सेंट्रेलियात लाकूड कंपनीचे प्रमुख एफ. बी. हबर्ड यांच्या पुढाकाराने नागरिकांची संरक्षण समिती स्थापन झाली, आणि वॉब्लींना हुसकावण्याची बोलणी उघडपणे होऊ लागली.

वॉब्लींनी पत्रके काढून गावकऱ्यांना आवाहन केले आणि एल्मर स्मिथ या वकिलाचा सल्ला घेतला. आपल्या सभागृहाचे रक्षण करण्याचा त्यांना अधिकार आहे, असे त्याने सांगितले. परंतु त्यांनी केवळ सभागृहात शस्त्रे ठेवली नाहीत. समोरच्या बाजूच्या लॉजमध्ये आणि जवळच्या टेकडीवरही बंदूकधारी बसविले. स्वसंरक्षणाची मर्यादा येथे ओलांडली गेली, हे त्यांच्याविषयी सहानुभूती असणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे.

मिरवणूक सभागृहावरून पुढे गेली, वळली आणि परत येताना सेंट्रेलियाची तुकडी नेमकी त्याच्यासमोर थांबली. गोळी आधी सुटली की दारावर धाव आधी झाली, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. स्वतः मिरवणुकीत असलेल्या एका डॉक्टरने मृत्यूच्या चौकशीत दिलेली साक्ष मात्र धाव आधी झाल्याचे सुचविते. गोळीबारात वॉरन ग्रिम, आर्थर मॅकएलफ्रेश आणि बेन कॅसाग्रांडा यांना प्राणांतिक जखमा झाल्या. ग्रिम हा सैबेरियात सेवा केलेला तरुण वकील, मॅकएलफ्रेश औषधविक्रेता, तर कॅसाग्रांडा बूटपॉलिशचे दुकान चालविणारा. जंगलांचे मालक यांच्यापैकी कोणीच नव्हते. एव्हरेस्ट पिस्तूल घेऊन मागल्या दाराने स्कूकमचक नदीकडे धावला. प्रवाह ओलांडता येईना म्हणून तो उलट फिरला आणि पाठलागावरील डेल हबर्ड याला त्याने गोळी घातली. हा हबर्ड लाकूड कंपनीच्या प्रमुखाचा पुतण्या होता.

जमावाने एव्हरेस्टला पकडून बेदम मारले आणि फरफटत तुरुंगात नेऊन टाकले. आपण स्थानिक चिटणीस ब्रिट स्मिथ यालाच पकडले, असा अनेकांचा समज होता. त्या रात्री गावातील दिवे गेले. जमाव तुरुंगात शिरला, त्याने एव्हरेस्टला बाहेर काढले आणि चेहेलिस नदीवरील पुलाला फाशी देऊन त्याच्या देहावर गोळ्या झाडल्या. तुरुंगातील त्याच्या सोबत्यांकडूनच पहाऱ्याखाली खड्डा खणवून त्याला पुरण्यात आले. फरारी वॉब्लींच्या शोधात निघालेल्या पथकातील एक जण तर आपल्याच माणसांच्या गोळीला बळी पडला.

न्यायाचा हिशेब

मॉन्टेसानो येथे १९२० च्या आरंभी खटला चालला. न्यायालयाबाहेर लष्करी तंबू पडले होते आणि आत प्रेक्षकांच्या बाकांवर गणवेशधारी लीजन-सदस्य बसविले होते. सात कामगारांना दुय्यम प्रतीच्या खुनाबद्दल २५ ते ४० वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीने दयेची शिफारस केली होती, ती न्यायाधीशांनी मानली नाही. पुढे काही ज्यूरींनी शपथपत्रांद्वारे आपल्या निर्णयाबद्दल खेद व्यक्त केला. एका कैद्याचा तुरुंगातच अंत झाला आणि शेवटचा कैदी १९३९ मध्ये सुटला. वकील स्मिथ निर्दोष सुटला, पण पुढे त्याची सनद काढून घेण्यात आली. एव्हरेस्टच्या हत्येबद्दल मात्र एकावरही खटला भरला गेला नाही.

या साऱ्याचे मूळ ११ नोव्हेंबर १९१९ या दिवसात नसून १९१८ मधील त्या पहिल्या हल्ल्यात आहे. त्या वेळी हल्लेखोरांना कायद्याने जाब विचारला असता, तर गावाला मोकळीक मिळाली असे वाटले नसते आणि वॉब्लींनाही बंदुकीवाचून तरणोपाय नाही असे वाटले नसते. मजुरी आणि कामाचे तास हे वाटाघाटीचे प्रश्न आहेत. त्यांत निष्ठेचा प्रश्न मिसळला की तडजोड अशक्य होते, कारण विश्वासघातक्याशी तडजोड कोणी करीत नाही. सेंट्रेलियात हेच घडले. ज्यांचे हितसंबंध गुंतले होते ते घरी सुखरूप राहिले, आणि एकाच सैन्यातून परतलेली सामान्य माणसे एकमेकांच्या हातून मेली.

गावातील उद्यानात १९२४ मध्ये लीजनच्या चार मृतांसाठी सैनिकाचा पुतळा उभारला गेला. जॉन डॉस पॅसोस यांनी १९३२ मध्ये ‘१९१९’ या कादंबरीत एव्हरेस्टचे शब्दचित्र रेखाटून त्याचे नाव साहित्यात नेले, तरी त्याच्या गावाने ते उच्चारायला बराच काळ घेतला. अखेर १९९७ मध्ये त्याच उद्यानासमोरील इमारतीच्या भिंतीवर एव्हरेस्टचे भव्य चित्र रंगविण्यात आले. एकाच दिवशी मेलेल्या माजी सैनिकांना एकमेकांसमोर येण्यास ७८ वर्षे लागली.