वेदनेची किंमत ओळखणारा डॉक्टर

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणारे अनेक असतात. वाटेत कुणाच्या टाचेला फोड आला की तो लंगडतो, थांबतो, चप्पल काढून पाहतो. पण जुना मधुमेह असलेल्याच्या पायाची संवेदना गेली असेल, तर त्याला फोड जाणवतच नाही. तो चालत राहतो. खरा धोका त्यालाच असतो. हे जगाला समजावून सांगणाऱ्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव मोठे आहे.

त्यांचा जन्म 1914 मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत, मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. ते तिथे असतानाच, 1929 मध्ये, वडील इकडे तापाने गेले. ब्रँड आधी सुतारकाम आणि बांधकाम शिकले, मग वैद्यकशास्त्राकडे वळले. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले.

कुष्ठरोगात हातपाय सडून झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी रुग्णांच्या एकेका जखमेचे कारण शोधले. कुठे रुतलेला काटा, कुठे चपलेचा खिळा, कुठे एकाच जागी पडणारा शरीराचा भार. रोगाने नसा बधिर केल्या होत्या. दुखत नव्हते, म्हणून रुग्ण त्याच जखमेवर चालत होते. पायाला प्लास्टर घालून भार वाटून दिला की वर्षानुवर्षांच्या जखमाही भरत. पुढे जखम होऊ नये म्हणून त्यांनी मऊ रबरी तळाच्या चपला करवून घेतल्या.

एकदा लंडनमध्ये प्रवासाने थकलेल्या ब्रँड यांना मोजा काढताना टाचेचा काही भाग बधिर जाणवला. टाचणी टोचली, तरी दुखले नाही. आपल्यालाच कुष्ठरोग झाला, या धास्तीत त्यांनी रात्र काढली. सकाळी पुन्हा टोचली आणि ते कळवळले. प्रवासात एकाच जागी बसून नस तात्पुरती दबली होती, एवढेच. दुखणे हे वरदान आहे, हे त्यानंतर ते आयुष्यभर सांगत राहिले.

1966 मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायांच्या जखमांमागेही हेच कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. 2003 मध्ये त्यांचे निधन झाले.

मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा. अनवाणी चालू नका, बधिर पाय शेकू नका, कुरूप ब्लेडने कापू नका. चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवा. लाली, फोड किंवा जखम दिसली तर दुखत नसली तरी चालणे थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नवस पायी जाण्याचा असेल, तर आधी पायाची संवेदना तपासून घ्या.