२५ रुपये महिना ते देशभराची शिष्यवृत्ती : बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट

भंडारा : बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यात दोन कामं एकदमच येतात. शेतात पऱ्हे टाकायचे आणि पोराचं कॉलेजात नाव घालायचं. धानाचे चुकारे हाती आले असले तर ठीक, नाहीतर फीचा विषय निघाला की घरात सगळे गप्प. अशा वेळी अनुसूचित जातीतली पोरं ज्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सेतू केंद्रावर रांग लावतात, ती भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली कुठून, हे फार थोड्यांना माहीत असतं. तिचं मूळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थीदशेत सापडतं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, फौजेच्या शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर कुटुंब पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागलं. पेन्शन महिन्याला ५० रुपये. त्यात घर चालवायचं आणि पोराच्या पुस्तकांचा हट्टही पुरवायचा. हातात पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात. त्यांच्याकडून उसने घेत, नाहीतर त्यांचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून आणत. पण पुस्तक आणायचंच.

२८२ गुण आणि एक शिक्षक

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या टक्केवारीत चाळीससुद्धा भरत नाहीत. पण अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या समाजातल्या पोरानं त्या काळी मॅट्रिक होणं ही मोठी गोष्ट होती, म्हणून त्यांचा सत्कार झाला. त्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी हजर होते. हा मुलगा बागेत बसून वाचत असतो हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत कसंबसं निभावलं. त्यानंतर रामजीबाबांचे हात टेकले. शिक्षण तिथंच थांबलं असतं. पण अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईतल्या एका सभेत जाहीर केलं होतं. ही गोष्ट केळुसकर गुरुजींच्या ध्यानात होती. त्यांनी महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांना बोलावलं, काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिन्याला २५ रुपये सुरू केले.

इथं एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. महाराजांनी गुणपत्रिकेवर निकाल दिला नाही, समोर बसवून पोराची समज तपासली. आणि मदत मुंबईतच जाहीर झाली असली तरी ती परळच्या चाळीपर्यंत आपोआप पोचली नाही. माहीत असलेल्या एका माणसानं हात धरून नेलं म्हणून ती मिळाली.

शिष्यवृत्ती संपली, शिक्षण राहिलं

बी.ए. होऊन भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत गेले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजीबाबा गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवणार होतं. भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ ला करार झाला. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी या पैशाचा चीज केलं. पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं घेतली, घरीही पैसे पाठवले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला गेले. एकीकडे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन आणि दुसरीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, अशा दोन ठिकाणी नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सामान दुसऱ्या जहाजानं पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं, ते जहाज बुडालं. पुस्तकं गेली.

करार पाळायला ते बडोद्याला गेले. एवढा शिकलेला माणूस, पण गावात राहायला कोणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. शिष्यवृत्तीनं पदवी मिळवून दिली, पण राहायला छप्पर मिळवून दिलं नाही. हा अनुभव ते विसरले नाहीत.

लंडन विद्यापीठानं अभ्यास पुरा करायला चार वर्षांची सवलत दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै जमवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून ५ हजार रुपये उसने घेतले. जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. एम.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतले, डी.एस्सी. ही १९२३ मध्येच मिळाली.

आधी वसतिगृह, मग योजना

परत आल्यावर त्यांनी पहिल्या काही कामांत वसतिगृहाचं काम हाती घेतलं. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झालं. खेड्यातल्या पोराला फी माफ झाली तरी शहरात राहायचं कुठं आणि खायचं काय, हा प्रश्न बडोद्यात त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेला होता.

जुलै १९४२ मध्ये ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. सरकारात बसल्यावर तीनच महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ ला, त्यांनी व्हॉइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना सविस्तर निवेदन दिलं. त्यात अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, आणि परदेशी शिकायलाही सरकारनं पैसा द्यावा अशी मागणी होती. सरकारनं वर्षाला ३ लाख रुपये मंजूर केले. त्यातूनच १९४४ ची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना उभी राहिली. ती पुढे आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली.

त्यांना स्वतःला एका राजाच्या मनाच्या मोठेपणावर शिकायला मिळालं होतं. पुढच्या पोरांसाठी त्यांनी ते सरकारी नियमात बसवून घेतलं. म्हणजे कोणाची ओळख नसली तरी पात्र पोराला पैसे मिळावेत.

कॉलेज घराजवळ यावं यासाठीही ते धडपडले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. तोवर मराठवाड्यातल्या पोरांना पदवीसाठी बहुतेक हैदराबादच गाठावं लागे.

भंडाऱ्याशी नातं

आपल्या जिल्ह्याशी त्यांचं नातं १९५४ चं. लोकसभेच्या भंडारा पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी ते उभे होते. तेव्हा भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता. तब्येत साथ देत नसताना त्यांनी प्रचार केला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब सुमारे ८ हजार मतांनी पडले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं दिल्लीत निधन झालं.

निवडणूक जिल्ह्यानं हरवली, पण त्यांची शिष्यवृत्ती जिल्ह्यात राहिली. पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसर, मोहाडी, लाखनी, कोणत्याही तालुक्यातल्या कॉलेजात जा, तिच्यावर शिकणारी पोरं भेटतात. अनुसूचित जातीसाठी तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. दहावीत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवून अकरावीत गेलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. महिन्याला ३०० रुपये, वर्षातले दहा महिने. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी पोरांसाठीही त्याच पोर्टलवर वेगळ्या योजना आहेत.

अडतं ते बहुतेक कागदावर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे रोवणीची घाई सुरू होण्याआधीच तयार ठेवलेलं बरं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तो राहिला की पैसे थांबतात. वाड्यावस्त्यांवर ज्याच्या घरी शिकलेलं कोणी नाही, अशा पोराला हे सांगणारा एखादा मास्तर, एखादा शेजारी लागतो. १९०७ नंतर परळच्या चाळीतल्या पोरासाठी हेच काम केळुसकर गुरुजींनी केलं होतं.