हट्टी फ्लोरिन आणि आन्री म्वासाँ

मुलांनो, उद्या सकाळी दात घासताना टूथपेस्टच्या नळीवरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच नळ्यांवर सोडियम फ्लोराइड हे नाव सापडेल. दात किडू नयेत म्हणून ते अगदी थोडं घातलेलं असतं (तरी चूळ भरून थुंकायचं, गिळायचं नाही!). धातूचा फ्लोराइड म्हणजे धातू आणि फ्लोरिन वायू यांची बांधलेली गाठ. ही गाठ इतकी पक्की, की ती सोडवून फ्लोरिन मोकळा करण्यात रसायनशास्त्रज्ञांची सुमारे पंच्याहत्तर वर्षं गेली. शेवटी ज्यांना ते जमलं, त्या आन्री म्वासाँ यांची ही गोष्ट.

२८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसमध्ये आन्रीचा जन्म झाला. वडील रेल्वे कंपनीत नोकरीला, आई शिवणकाम करायची. विद्यापीठात जायला लागणारी परीक्षा न देताच १८७० साली त्याची शाळा सुटली. काही काळ घड्याळजीकडे उमेदवारी, मग औषधाच्या दुकानात. तिथे सोमल पोटात गेलेल्या एका माणसाला त्यानं वाचवलं, असं सांगतात. राहिलेली परीक्षा त्यानं नंतर दिली आणि १८७९ साली तो रीतसर औषधशास्त्रज्ञ झाला. १८८२ साली लेओनी ल्युगाँ यांच्याशी लग्न झालं. सासरे औषधविक्रेते होते. संशोधन चालू राहावं म्हणून त्यांनी जावयाची पैशाची काळजी मिटवली. जावयाचे लाड फक्त आपल्याकडेच होतात असं नाही!

१८८४ साली म्वासाँ फ्लोरिनच्या मागे लागले. हे काम जिवावरचं होतं. आयर्लंडचे नॉक्स बंधू त्यात विषबाधेनं फार आजारी पडले होते. बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निक्लेस तर प्राणाला मुकले होते. कारण वाटेत हायड्रोफ्लोरिक आम्लाशी गाठ पडतेच, आणि ते काचसुद्धा खातं.

म्वासाँनी एका पांढऱ्या क्षाराची मदत घेतली. पोटॅशियम फ्लोराइडशी हायड्रोफ्लोरिक आम्लाचा संयोग झाला की तो बनतो. तो नीट वाळवून तापवला की पाण्याचा अंश नसलेलं आम्ल वाफ होऊन निघतं. पाणी का नको? पाणी असलं तर वीज सोडल्यावर फ्लोरिनऐवजी ऑक्सिजन मिळतो. पण नुसत्या कोरड्या आम्लातून वीज जवळजवळ जातच नाही. त्यात थोडा पोटॅशियम फ्लोराइड विरघळवला की जाते.

भांडं होतं इंग्रजी 'यू' अक्षरासारखं, प्लॅटिनम-इरिडियमचं, शून्याखाली वीस अंशांहूनही थंड ठेवलेलं. बुचं मात्र फ्लोरस्पार या खनिजाची, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडची. मला ही युक्ती सगळ्यात आवडते. ज्याचं पोट फ्लोरिननं आधीच भरलंय, त्याला फ्लोरिन आणखी काय करणार?

२६ जून १८८६ रोजी एका बाजूनं हायड्रोजन आला आणि दुसऱ्या बाजूनं आलेल्या वायूत सिलिकॉन धरताच त्यानं पेट घेतला. फ्लोरिन सापडला!

विज्ञान अकादमीनं खात्री करायला तीन मोठे शास्त्रज्ञ पाठवले. त्यांच्यापुढे कमी राहू नये म्हणून म्वासाँनी आम्ल अधिकच काळजीनं शुद्ध केलं आणि प्रयोग साफ फसला. फ्लोरिनचा पत्ताच नाही! पाहुण्यांपुढे आपलं गाणं विसरणाऱ्या मुलांना त्यांची अवस्था कळेल. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आधीच्या आम्लात पोटॅशियम फ्लोराइडचा थोडा अंश राहिला होता आणि आता तो नाही. तो मिसळला आणि परीक्षकांना फ्लोरिन दिसला.

पुढे १८९२ साली म्वासाँनी विजेची भट्टी बनवली. तिच्यात त्यांनी हिरे बनवल्याचाही दावा केला, पण तो काही टिकला नाही.

१९०६ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्टॉकहोमहून परतल्यावर थोड्याच दिवसांत अपेंडिक्सचा आजार होऊन २० फेब्रुवारी १९०७ रोजी ते वारले. वय अवघं चोपन्न. कारखान्यांत फ्लोरिन आजही पोटॅशियम फ्लोराइड आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणातून वीज सोडूनच काढतात.