जोकिची ताकामिने

शिळ्या भाकरीवर बुरशी दिसली की आपण ती भाकरी टाकून देतो. बुरशी म्हणजे नासाडी, असे आपल्या मनात ठसलेले असते. आणि भाकरीच्या बाबतीत ही सावधगिरी योग्यच आहे. जपानमध्ये मात्र एका विशिष्ट बुरशीची शतकानुशतके जोपासना होत आली आहे. वाफवलेल्या तांदळावर ती वाढवली जाते. बुरशी चढलेल्या त्या तांदळाला कोजी असे म्हणतात. साके हे मद्य आणि सोया सॉस यांसारखे पदार्थ तयार करताना कोजीचा उपयोग होतो. स्वयंपाकघरातील व मद्यशाळेतील ही जुनी विद्या आधुनिक उद्योगाच्या दारी नेण्याचे कार्य ज्या रसायनशास्त्रज्ञाने केले, त्याचे नाव जोकिची ताकामिने.

ताकामिने यांचा जन्म 3 नोव्हेंबर 1854 रोजी जपानमधील ताकाओका येथे झाला. त्यांचे वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत, तर आईच्या माहेरी साके तयार करण्याचा धंदा होता. त्यांचे बालपण कानाझावा या नगरात गेले. बाहेरच्या जगाला दीर्घकाळ दूर ठेवणारा जपान त्या काळी आपली दारे उघडत होता. लहानग्या जोकिचीला परकीय भाषा व नवे ज्ञान शिकण्यासाठी नागासाकी येथे पाठवण्यात आले. पुढे वैद्यकाच्या अभ्यासाकडून ते रसायनशास्त्राकडे वळले. 1879 मध्ये टोकियो येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि उच्च शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे गेले. 1883 मध्ये मायदेशी परतल्यावर ते कृषी व व्यापार खात्यात रुजू झाले.

1884 मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे कापसाचे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी जपान सरकारने ताकामिने यांना तेथे पाठवले. या मुक्कामात कॅरोलिन हिच या तरुणीशी त्यांचा परिचय झाला व 1887 मध्ये दोघांचा विवाह झाला. जपानमध्ये रासायनिक खतांचा पहिला मोठा कारखाना उभारण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. पण त्यांच्या मनात कोजीचा विचार घोळत होता.

धान्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर झाल्यावाचून त्यापासून मद्य बनत नाही. पाश्चात्त्य देशांत यासाठी जव भिजवून, त्यांना मोड आणून, वाळवून माल्ट तयार करीत. त्याला अनेक दिवस लागत आणि उत्तम प्रतीचे धान्यही खर्ची पडे. मोड आलेल्या जवांत पिष्टाचे विघटन करणारा जो पदार्थ असतो, त्याच प्रकारचा पदार्थ कोजीतील बुरशीही निर्माण करते. अशा पदार्थांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. सजीवांच्या पेशींत तयार होणारी विकरे रासायनिक क्रियांचा वेग वाढवतात. स्वतः मात्र त्या क्रियेत खर्च होत नाहीत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. एका कुलपाला एकच किल्ली लागावी, तसे ते विशिष्ट पदार्थावरच क्रिया करते. शिवाय त्यास प्रखर उष्णता किंवा तीव्र आम्ल यांची गरज नसते.

ताकामिने यांनी येथे आपली कल्पकता दाखवली. त्यांनी तांदळाऐवजी गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवली. पीठ काढल्यावर उरणारा स्वस्त कोंडा अशा रीतीने मौल्यवान ठरला. बुरशी सुमारे दोन दिवसांत वाढे. माल्टसाठी लागणारा काळ वाचे. अमेरिकेतील व्हिस्की उत्पादकांच्या संघाने या पद्धतीत रस दाखवला. 1890 मध्ये ताकामिने पत्नी व दोन लहान मुलांसह अमेरिकेस गेले आणि इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे त्यांचे प्रयोग सुरू झाले.

नवी पद्धत यशस्वी झाली, तर आपला धंदा बुडेल, ही भीती माल्ट तयार करणाऱ्यांच्या मनात होती. ज्यांची रोजीरोटी माल्टवर अवलंबून होती, त्यांचा विरोध समजण्याजोगा होता. अशा वातावरणात 1891 मध्ये प्रयोगाच्या कारखान्यास आग लागली. परिश्रमाने उभारलेले सारे भस्मसात झाले. त्यातच ताकामिने यकृताच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळले. परका देश, संकटात सापडलेले काम आणि खचलेली प्रकृती, अशी सर्व बाजूंनी त्यांची कोंडी झाली. प्रकृती सुधारल्यावर त्यांनी पुन्हा काम सुरू केले. पण व्हिस्की उत्पादकांचा संघच पुढे मोडला आणि कोजीच्या व्हिस्कीचे स्वप्न अपुरे राहिले.

ते खचले मात्र नाहीत. व्हिस्कीचा मार्ग बंद झाला तरी विकराचे गुण नाहीसे झाले नव्हते. कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीतील विकर पाण्यात उतरवून, अल्कोहोलच्या साहाय्याने ते वेगळे करण्याची रीत त्यांनी सिद्ध केली. 1894 मध्ये या पद्धतीस अमेरिकेत पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवापासून मिळवलेल्या विकराचे हे तेथील पहिले पेटंट मानले जाते. धान्यातील पिष्ट फोडणारे हे विकर माणसाच्या पोटात अन्नपचनासही साहाय्य करील, हे जाणून त्यांनी ते औषध म्हणून पुढे आणले. डेट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने ‘ताका-डायास्टेज’ या नावाने त्याची विक्री केली. अपयशी ठरलेल्या उद्योगातून असे एक उपयुक्त औषध जन्मास आले.

1900 मध्ये न्यूयॉर्क येथील त्यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक शुद्ध स्फटिकरूपात मिळाले. या यशात त्यांचे तरुण सहकारी केइझो उएनाका यांच्या हातच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. संपत्ती व कीर्ती लाभल्यावरही ताकामिने मायदेशास विसरले नाहीत. सांक्यो या औषध कंपनीचे ते पहिले अध्यक्ष झाले. जपानमध्ये राष्ट्रीय विज्ञान संशोधन संस्था असावी, असा आग्रह त्यांनी 1913 मध्ये धरला. 1917 मध्ये ‘रिकेन’ ही संस्था स्थापन झाली. 1912 मध्ये वॉशिंग्टन नगरीस जपानकडून चेरीची झाडे भेट मिळाली, त्यामागेही त्यांचे साहाय्य होते. 22 जुलै 1922 रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

विकरांचा उपयोग पुढे अनेक उद्योगांत वाढत गेला. कापड विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. रंगकामापूर्वी ती काढावी लागते. आम्लाने खळ काढताना थोडी चूक झाली, तरी सुती धागा कमजोर होतो आणि आम्लयुक्त पाणी गिरणीबाहेर जाते. पिष्ट फोडणारे विकर मात्र केवळ खळीवर क्रिया करते. धाग्यास धक्का लावत नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून जीन्सचे कापड दगडांनी घासण्याऐवजी विकराने मऊ करण्याची पद्धत रुळली. पिष्टापासून ग्लुकोज बनवताना पूर्वी आम्ल वापरले जाई. 1960 च्या दशकापासून तेथेही विकरे आली. पावाच्या पिठात बुरशीपासून मिळवलेले विकर अल्प प्रमाणात मिसळले जाते. निसर्गाला कमीत कमी उपद्रव देणाऱ्या या विचाराला आज हरित रसायनशास्त्र म्हणतात.

हा शब्द ताकामिने यांच्या काळी प्रचारात नव्हता. टाकाऊ कोंडा, मंद उष्णता आणि एक साधी बुरशी यांच्या बळावर मोठे काम होऊ शकते, हे मात्र त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले. आजोळच्या मद्यशाळेतील जुन्या विद्येला त्यांनी कमी लेखले नाही. तिला नव्या विज्ञानाची जोड दिली. आगीत कारखाना जळाला, तरी ज्ञान जळत नाही, हेच त्यांचे जीवन सांगते.