निळ्या बालकांच्या कैवारी

अमेरिकेतील केंब्रिज ह्या नगरात २४ मे १८९८ रोजी हेलन टॉसिग ह्यांचा जन्म झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. अशा विद्वानाच्या घरी जन्मूनही हेलनला वाचन फार जड जाई. अक्षरे ओळखताना तिचा सारखा गोंधळ उडे. त्यातच ती अकरा वर्षांची असताना आई क्षयाने वारली. वडिलांनी मात्र धीर सोडला नाही. तिला जवळ बसवून ते नेटाने तिचा अभ्यास घेत. चिकाटीचा पहिला धडा तिला असा घरीच मिळाला.

पुढे तिने वैद्यक शिकावयाचे ठरविले. परंतु त्या काळी हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना पदवी देत नसे. म्हणून ती बॉस्टन विद्यापीठात शिकू लागली. तेथील एका प्राध्यापकांनी तिच्या हाती बैलाचे हृदय देऊन त्याचा अभ्यास करावयास सांगितले, आणि तिच्या आयुष्याची दिशा ठरली. १९२७ साली तिने बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळविली. १९३० साली तेथील मुलांच्या हृदयरोग विभागाची जबाबदारी तिच्यावर आली.

आता दैवाने दुसरी परीक्षा पाहिली. हेलनबाईंना ऐकू येईनासे झाले. हृदयाचे ठोके ऐकून रोग ओळखावयाचा, त्या डॉक्टरलाच बहिरेपण यावे! पण बाई खचल्या नाहीत. मुलाच्या छातीवर हलकेच बोटे ठेवून त्या हृदयाची गती ओळखू लागल्या. कानांचे काम बोटांनी पत्करले.

त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत काही मुले निळसर दिसत. आपले रक्त फुप्फुसांत जाऊन प्राणवायू घेते व तेथून लालभडक होऊन परतते. ह्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असे. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असल्यामुळे तेथे पुरेसे रक्त पोहोचत नसे. ओठ व नखे निळी पडत. चार पावले चालताच मूल धापा टाकीत उकिडवे बसे. ह्या रोगावर उपाय नाही, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानीत.

हेलनबाईंनी मात्र ह्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. जन्मापूर्वी प्रत्येक बालकाच्या हृदयाजवळ दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक लहान वाहिनी असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. ज्या निळ्या बालकांची ही वाहिनी उघडी राही, त्यांची प्रकृती त्यातल्या त्यात बरी असे. ती मिटली की प्रकृती ढासळे. मग मिटलेल्या वाटेऐवजी नवी वाट करून दिली तर?

एका प्रख्यात शस्त्रवैद्यांना त्यांनी ही कल्पना सांगितली. परंतु त्यांनी ती मनावर घेतली नाही. १९४१ साली आल्फ्रेड ब्लॅलॉक हे शस्त्रवैद्य जॉन्स हॉपकिन्स येथे आले. त्यांना ती पटली. त्यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन टॉमस ह्यांनी कुत्र्यांवर असंख्य प्रयोग करून शस्त्रक्रियेची रीत बसविली. पैशाअभावी टॉमस ह्यांना डॉक्टर होता आले नव्हते.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन जेमतेम चार किलो होते. हाताकडे जाणारी एक रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडण्यात आली. बालिका सुधारली, पण काही महिन्यांनी ती दगावली. तरीही कोणी माघार घेतली नाही. तिसऱ्या वेळी सहा वर्षांच्या एका मुलाचे निळे ओठ शस्त्रक्रियेच्या मेजावरच गुलाबी झाले! ही वार्ता पसरताच दूरदूरचे आईबाप आपली मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

शस्त्रक्रिया झाली की आपले काम संपले, असे हेलनबाईंना कधी वाटले नाही. मुले मोठी होईपर्यंत, आणि नंतरही, त्या त्यांची विचारपूस करीत. १९४७ साली त्यांनी जन्मजात हृदयदोषांवर मोठा ग्रंथ लिहिला. १९६२ साली थॅलिडोमाइड ह्या औषधामुळे जर्मनीत हातपाय अपुरे असलेली बालके जन्मास येत असल्याचे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि परतून त्यांनी आपल्या देशाला सावध केले. १९६४ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांचा पदक देऊन गौरव झाला. १९७६ साली टॉमस ह्यांनाही जॉन्स हॉपकिन्सने सन्मान्य पदवी अर्पण केली.

२० मे १९८६ रोजी मोटार-अपघातात हेलनबाईंचे निधन झाले. त्यापूर्वीच हृदयातील दोषच दुरुस्त करणाऱ्या शस्त्रक्रिया निघाल्या होत्या. परंतु जेथे इतरांनी आशा सोडली होती, तेथे मुलाच्या छातीवर हात ठेवून थांबण्याचा धीर प्रथम ह्या बाईंनी दाखविला.