बाहुलीपलीकडचे जग दाखविणारे हेल्महोल्ट्झ

शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर नेत्रतपासणी शिबिर भरले, की डॉक्टर खोलीत अंधार करून रुग्णासमोर बसतात आणि हातातील छोटे उपकरण त्याच्या डोळ्याजवळ नेतात. बॅटरीवर चालणाऱ्या या ऑफ्थॅल्मोस्कोपमधून डोळ्याचा आतला पडदा, त्यावरील रक्तवाहिन्या आणि दृष्टीच्या नसेचे टोक दिसते. मधुमेहाने पडद्यावर झालेला रक्तस्राव, काचबिंदूने वाळत चाललेली नस किंवा मेंदूतील गाठीमुळे नसेला आलेली सूज, यांचा पहिला सुगावा येथेच लागतो. जिवंत डोळ्याचा हा पडदा वैद्यकाला खुला करून दिला हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी. आपल्याकडे २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. योगायोग असा, की हेल्महोल्ट्झ यांची जयंती आणि पुण्यतिथी दोन्ही याच पंधरवड्यात येतात.

३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे एका शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. ओढा भौतिकशास्त्राकडे, पण घरची परिस्थिती बेताची. सरकारी खर्चाने वैद्यकीय शिक्षण आणि त्या बदल्यात आठ वर्षे लष्करात डॉक्टरकी, असा मार्ग त्यांनी पत्करला. आजच्या भाषेत हा बाँडच! ही तडजोड नेत्रवैद्यकाच्या मात्र पथ्यावर पडली. लष्करी नोकरीत असतानाच १८४७ मध्ये त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. प्रतिष्ठित नियतकालिकाने तो नाकारला, तेव्हा तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावा लागला. पुढे लष्करातून मुदतीपूर्वी सुटका होऊन १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

विद्यार्थ्यांना शिकविण्याची तयारी करताना एक साधा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. बाहुली काळी का दिसते? डोळ्यात शिरलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत फिरतो. तो पाहायचा तर डोके नेमके त्या वाटेवर न्यावे लागते आणि मग डोकेच दिव्याच्या आड येते. हेल्महोल्ट्झ यांनी तिरप्या धरलेल्या काचांवरून बाजूच्या दिव्याचा प्रकाश डोळ्यात सोडला आणि परतणारा प्रकाश त्याच काचांतून आरपार पाहिला. पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि साध्या काचा एवढ्याच साहित्यावर सुमारे आठवडाभरात उपकरण उभे राहिले. डिसेंबर १८५० मध्ये त्याची माहिती बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे मांडण्यात आली आणि पुढल्या वर्षी ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्येच असे उपकरण केले होते. मात्र ज्या नेत्रतज्ज्ञाला त्यांनी ते दाखविले, त्याला त्याचे मोल कळले नाही.

हेल्महोल्ट्झ यांनाही विरोध झालाच. दुखऱ्या डोळ्यात उघडा प्रकाश सोडणे धोक्याचे, असे एका नामांकित शल्यचिकित्सकाचे मत होते. दुसऱ्याच्या मते हे उपकरण अधू दृष्टीच्या डॉक्टरांपुरतेच उपयोगाचे. बर्लिनचे तरुण नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी मात्र ते तत्काळ हाती घेतले. बाहेरून डोळा निकोप, पण दृष्टी गेलेली, अशा रुग्णांचे निदान तोवर बहुतांशी तर्कावर चाले. ते आता प्रत्यक्ष पाहून होऊ लागले.

या उपकरणालाही मर्यादा आहेत. मोतीबिंदू पूर्ण पिकला, की पडदा दिसत नाही. तेथे १९५० च्या दशकात आलेली सोनोग्राफी लागते. नेत्रगोलाच्या मागे, खोबणीत वाढणारी गाठ पाहायला सीटी स्कॅन किंवा एमआरआय हवा. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातील रुग्णाला त्यासाठी सहसा कल्याण, ठाणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. एसटीचे भाडे, रुग्णाची आणि सोबत्याची बुडालेली मजुरी हा भार त्या कुटुंबाला हलका नसतो. कोणाला तातडीने पाठवायचे आणि कोणाला नाही, हे अनेकदा त्या लहानशा उपकरणातून घेतलेल्या पहिल्या नजरेवरच ठरते.

हेल्महोल्ट्झ पुढे बॉन व हायडेलबर्गमार्गे १८७१ मध्ये बर्लिनला गेले ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. तरुणपणी हुकलेला विषय पन्नाशीत पदरी पडला. रेडिओलहरी सिद्ध करणारे हाइनरिख हर्ट्झ त्यांचेच शिष्य. १८९३ मध्ये शिकागोहून परतताना ते जहाजावर पडले व जखमी झाले. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर चौदा महिन्यांनी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला.